रुग्णालयातलं जेवण: नुसती चवीची तक्रार नको, या चुका टाळा

रुग्णालयातल्या जेवणावरचं बोलणं चवीपासून सुरू होतं आणि चवीपाशीच संपतं. अळणी, गार, रोज तेच ते. तक्रार खोटी नसते, पण पेशंटसाठी त्याहून मोठा प्रश्न आहे: ताटात आलं त्यातलं पोटात किती गेलं? आजारपणात पोटात पुरेसं गेलं नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडून गरज भागवतं. जखमा भरायला वेळ लागतो, संसर्गाचा धोका वाढतो आणि घरी जायचा दिवस लांबतो.

ताट तसंच परत गेलं म्हणजे भूक नव्हती, असं समजणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ताट येतं आणि खाटेच्या पायथ्याशी सरकवलेल्या टेबलावर ठेवलं जातं. पेशंट आडवा, उजव्या हाताला सलाइन, ताटावर घट्ट बसलेलं झाकण, चमचा बंद पाकिटात. हात पोचत नाही, आणि पोचला तरी एका हाताने झाकण निघत नाही. तासाभराने ताट उचललं जातं आणि नोंद होते, 'जेवण दिलं.'

म्हणून आधी हे बघा: टेबल हाताशी आहे का? पाठ नीट उंच केली आहे का? कवळी आणि चष्मा घरीच तर राहिला नाही ना? तोंडात फोड, मळमळ, बद्धकोष्ठता आहे का? दुखण्याचं किंवा मळमळीचं औषध जेवणाच्या थोडं आधी देता येईल का, ते सिस्टरना विचारा. ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांत भरवायला मदत लागणाऱ्या पेशंटला लाल ट्रे देतात, म्हणजे किती खाल्लं ते बघितल्याशिवाय तो ट्रे कुणी उचलत नाही. अशी सोय नसेल, तर 'जेवताना मदत लागते' हे फाइलवर लिहून घ्या.

'थोडं खाल्लं' एवढ्यावर भागवणं

डॉक्टरांना त्यातून काहीच कळत नाही. पूर्ण, अर्धं, पाव, काहीच नाही, असं प्रत्येक जेवणापुढे लिहा. वजनही विचारा. 60 किलोच्या माणसाचं वजन तीन ते सहा महिन्यांत प्रयत्न न करता 3 किलोने उतरलं असेल तर लक्ष द्यायला हवं. 6 किलोंहून जास्त उतरलं असेल तर आहारतज्ज्ञांना बोलवायचा आग्रहच धरा.

आजारी माणसाला प्रथिनं साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम लागतात. काही किडनीविकारांत हे प्रमाण वेगळं असतं. जेमतेम अर्धं ताट जाणार असेल, तर पातळ सुपाने पोट भरू देऊ नका. अंडं, डाळ, दही आधी.

जुनी ऑर्डर तशीच चालू राहणं

ऑपरेशननंतर 'पातळ आहार' लिहिलेला असतो. पेशंट सुधारतो, कागद मात्र तोच राहतो. राउंडच्या वेळी थेट विचारा, 'आता साधं जेवण चालेल का?' ऑपरेशनआधीच्या उपाशी राहण्याचंही तेच. सर्वसाधारण नियम घन अन्न 6 तास आणि पाणी 2 तास आधी बंद करण्याचा आहे, तरी कितीतरी पेशंट मध्यरात्रीपासून कोरडे बसतात. पाणी कधीपर्यंत चालेल ते विचारून घ्या. ऑपरेशन पुढे ढकललं, तर लगेच खायला देता येईल का हेही विचारा; स्वतःहून मात्र काही देऊ नका.

मायेपोटी गुपचूप डबा देणं

घरचं अन्न वाईट नसतं, ते न सांगता देणं वाईट. किडनीच्या पेशंटला केळं किंवा फळांचा रस पोटॅशियममुळे घातक ठरू शकतो. 'कमी सोडियमचं' म्हणून आणलेल्या मिठातही बहुतेकदा पोटॅशियमच असतं. गिळायला त्रास असेल, तर साधं पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि 5 ते 60 अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेला डबा टाकून द्या. प्रतिकारशक्ती कमी असेल तर फ्रिजवरही विसंबू नका: लिस्टेरिया नावाचा जंतू थंडीतही वाढतो. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या रुग्णालयांत सँडविचमधून त्याची लागण होऊन काही पेशंट दगावले.

वाढणाऱ्यावर राग काढणं

जेवण काय द्यायचं हे त्याच्या हातात नसतं. सिस्टर किंवा आहारतज्ज्ञांना दिवस, वेळ आणि पदार्थ सांगा. 'जेवण वाईट आहे' याला उत्तर मिळत नाही. 'दोन दिवस रात्रीचं जेवण गार येतंय' याला मिळतं.

उपाशी माणसाला एकदम भरपेट खाऊ घालणं

पाच दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच पोटात गेलं नसेल, तर एकदम भरपूर आहार सुरू झाल्यावर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येऊ शकतं. हृदयाची लय बिघडण्यापर्यंत मजल जाते. अशा वेळी रक्ततपासणी करून, डॉक्टर सांगतील तसं थोडं थोडं वाढवत न्यायचं.