‘वॉकर’ आडनावाचे मूळ कसे शोधावे

वॉकर हे इंग्रजी आडनाव विणलेले लोकरी कापड पाण्यात पायांनी तुडवून घट्ट करणाऱ्या कारागिरांचे आहे. हाच धंदा करणाऱ्यांना आग्नेय इंग्लंडमध्ये फुलर, नैर्ऋत्येला टकर आणि उत्तरेत वॉकर म्हणत, त्यामुळे मूळ प्रदेशाचा पहिला अंदाज आडनावावरूनच बांधता येतो.

शोध मात्र आजच्या पिढीपासून मागे न्यावा. प्रथम १ जुलै १८३७ पासूनच्या सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदी आणि दर दहा वर्षांच्या जनगणना ताडून पाहाव्यात. १८५१ पासूनच्या जनगणनेत जन्मगाव दिलेले असते आणि ते हाती लागले, की त्या गावच्या चर्चची बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींची दप्तरे उघडावीत. ती ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला, पण अनेक ठिकाणची सुरुवातीची पाने नष्ट झाली आहेत. त्याही मागे मृत्युपत्रे आणि डोईपट्टीच्या (माणशी आकारलेल्या कराच्या) याद्या उपयोगी पडतात. १३७९ च्या यॉर्कशरमधील यादीत तर काही नावांपुढे धंदाही लिहिलेला आहे, त्यामुळे यादीतला एखादा वॉकर खरोखर कापड तुडवत होता की आडनाव केवळ वारशाने आले होते, हे पडताळता येते. जुने लेखनिक कानावर पडेल तसे लिहीत, म्हणून निरनिराळी स्पेलिंग तपासावीत.

वॉकर घराणी ठिकठिकाणी स्वतंत्रपणे उदयाला आली, तेव्हा कोणतेही दोन वॉकर एका रक्ताचे धरू नयेत. बाजारात मिळणारे ‘वॉकर कुळाचे मानचिन्ह’ (ढालीच्या आकाराचे कुळचिन्ह) भिंतीवर शोभण्यापुरतेच समजावे. इंग्लंडमध्ये मानचिन्हाचा अधिकार सबंध आडनावाला नसून विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना असतो.