अनुभवी सोबती: ऑफिसात मानसिक आधार कसा उभा करावा

हिंजवडीतली आयटी कंपनी असो की चाकणचा कारखाना, भिंतीवर पोस्टर लावून कुणी मन मोकळं करत नाही. नैराश्य किंवा चिंतेतून स्वतः गेलेला सहकारी समोर बसला, तर करतो.

असा सहकारी म्हणजे 'सोबती'. पन्नास जणांमागे दोन सोबती ठेवा, म्हणजे एक रजेवर गेला तरी अडत नाही. नावं स्वेच्छेनेच यावीत. एचआरने "तुम्ही यातून गेलात ना, मग या" म्हटलं की गुपित तिथेच फुटलं.

पहिली भेट वीसेक मिनिटांची, कामाच्या वेळेतच. कँटीन नको; दार लागेल अशी खोली, पाण्याचा ग्लास, मोबाइल सायलेंटवर. 'काय झालं?' याने माणूस आक्रसतो; 'हल्ली झोप लागते का?' याला उत्तर देणं सोपं जातं. स्वतःचा अनुभव दोन वाक्यांत आटपा. औषधाचं नाव अजिबात काढू नका, ते डॉक्टरांचं काम.

सगळं बिघडतं ते नोंदींमुळे. साहेबांकडे महिन्यात किती जण आले, एवढाच आकडा जावा. नाव, विभाग काही नाही. एकदा नाव अप्रेझलमध्ये डोकावलं की पुन्हा कुणी येत नाही.

गुप्ततेला एकच अपवाद, तोही आधीच सांगा: जिवाला धोका. शंका आली तर "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. होकार आला तर एकटं सोडू नका, तिथूनच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. मोफत, २४ तास, मराठीतही.

आणि सोबत्यालाही महिन्यातून एकदा समुपदेशकाकडे बसवा. ऐकून ऐकून तोही थकतो.