जाळ्याला मऊ, गळाला कडक: शिसं कसं निवडायचं आणि कसं मिसळायचं

कृष्णेवर गळ टाकणारे आणि जाळं फेकणारे आपल्या सांगलीत कमी नाहीत, आणि वजनं घरीच ओतणारेही बरेच आहेत, पण बहुतेक जण भंगारात जे शिसं मिळेल ते एकाच कढईत टाकतात आणि मग म्हणतात की गोळी दोरीवर बसंना, दाबली की चिरतीय. ओतण्यात चूक नसते, शिसं चुकीचं असतं. म्हणून आधी शिसं ओळखायला शिका, ओतणं दोन दिवसांत जमतं.

जाळ्याच्या काठाला जी वजनं लागतात ती पक्कडीनं दाबून दोरीभोवती गुंडाळायची असतात, त्याला शुद्ध मऊ शिसंच पाहिजे. गळाचं वजन मात्र दगडांवर घासतं, आपटतं, तिथं मऊ शिसं चार दिवसांत चेपून जातं आणि वरचं भोक दबून दोरा कापायला लागतं, म्हणून तिथं थोडं कडक मिश्रण चांगलं. कडकपणा येतो अँटिमनी नावाच्या ठिसूळ धातूनं. कथील घातलं की धातू पातळ वाहतो आणि साच्याचे कोपरे भरतात. पण हे दोन्ही शिशापेक्षा हलके आहेत, त्यामुळं उगाच जास्त घालून फायदा नाही, आपल्याला शेवटी वजनच पाहिजे.

आता भंगारात काय काय मिळतं ते. जुन्या पाण्याच्या नळाचं शिसं बहुतेक मऊ असतं. केबलवरच्या आवरणाचंही साधारण तसंच, पण त्यात कधी थोडी अँटिमनी असते, म्हणून तपासून घ्या. टायरवाल्याकडची चाकाची वजनं दोन जातीची, क्लिपवाल्यात थोडी अँटिमनी असते, चिकटवायच्या पट्ट्या बऱ्याचदा मऊ असतात. पण हल्ली त्यात लोखंडाची आणि जस्ताची वजनं लय मिसळलेली येतात, आणि खरा घात करतं ते जस्त. थोडंसं जरी वितळून मिसळलं तर सगळा घाणा भरडल्यासारखा घट्ट होतो, साचा भरत नाही. एकेक वजन कटरनं दाबून बघा, शिशात पातं रुततं, जस्तात नुसता ओरखडा उठतो. शंका असेल तर बाथरूम साफ करायच्या अ‍ॅसिडचा एकच थेंब बाहेर उघड्यावर टाका, जस्त असेल तर फसफसतं, मग तो तुकडा पाण्यानं धुवून बाजूला ठेवा. दुसरा आधार तापमानाचा आहे. शिसं ३२७ अंशाला वितळतं आणि जस्त ४१९ ला, म्हणजे कढई ३६० च्या आसपास ठेवली तर चुकून राहिलेलं जस्त वर तरंगतं आणि झाऱ्यानं काढता येतं. त्यासाठी ५०० अंशापर्यंतचा थर्मामीटर घ्याच, नुसत्या नजरेनं हे कळत नाही.

जुन्या छापखान्याचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, कुठं मिळाले तर ते सोनंच समजा. लायनोटाइपच्या, म्हणजे यंत्रावर आख्खी एकसंध ओतलेल्या, ओळीत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असतं, हातानं जुळवायच्या खिळ्यात अँटिमनी त्याहूनही जास्त. फक्त एक विनंती, देवनागरी खिळे शाबूत असतील तर वितळवू नका, जपून ठेवणारी माणसं अजून आहेत, त्यांना द्या.

बॅटरीच्या प्लेटा मात्र अजिबात घेऊ नका. त्यात गंधकाचं अ‍ॅसिड असतंच, वर त्या वितळवून निघालेल्या मळीला ओल लागली की आर्सिन आणि स्टिबाइनसारखे विषारी वायू निघू शकतात. जुनी बॅटरी दुकानात एक्स्चेंजमध्ये द्यायची, विषय संपला.

मिश्रणाचा हिशोब सोपा आहे. १ किलो लायनोटाइप आणि ३ किलो शुद्ध शिसं एकत्र केलं की १२ ची चौथाई म्हणजे ३ टक्के अँटिमनी आणि १ टक्का कथील, गळाच्या वजनाला हे एकदम बरोबर. क्लिपवाली वजनं असतील तर ती तशीच ओता, फक्त साचा नीट भरत नसेल तर सोल्डरची, म्हणजे डाग द्यायची कथील-शिशाची, तार थोडी टाका, ६०/४० ची असेल तर १०० ग्रॅममध्ये ६० ग्रॅम कथील असतं हे धरून. अंदाजानं मूठभर टाकू नका, काट्यावर मोजा.

भांडं बिडाचं किंवा जाड लोखंडी घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं या कामाला भरवशाचं नाही, आणि जस्ताच्या बादलीतलं जस्त तर सरळ तुमच्या शिशातच उतरतं. शेगडी अंगणात, वारा पाठीकडून. शिसं वितळलं की वर करडी साय येते, ती नवीन माणूस मळ म्हणून काढून टाकतो आणि त्यात आपलं कथील आणि अँटिमनीच निघून जाते. आधी मेणबत्तीचा छोटा तुकडा टाका, धूर येईल, पेटेलही, म्हणून तोंड लांब ठेवा, मग कोरड्या लाकडानं तळापासून ढवळा. साय परत आत विरते, नंतर जी काळी भुकटी राहते तो खरा मळ.

पाणी म्हणजे मरण. माझ्याकडून एकदा पावसाळ्यात ओलसर राहिलेला पाइपाचा तुकडा तापल्या कढईत पडला, फटकन सगळं उडालं, चष्मा होता म्हणून डोळा वाचला, मनगटावरचा डाग अजून आहे. तेव्हापासून सगळं शिसं थंड कढईतच भरतो आणि मग आच लावतो, मध्ये टाकायचंच झालं तर तुकडा आधी कढईच्या काठावर तापवून घेतो. साचाही गरम करून कोरडा झाल्याशिवाय पहिली पळी ओतायची नाही. पूर्ण बाह्या, चामड्याचे हातमोजे, बूट, चष्मा.

ओतलेल्या कांबीवर लगेच छिन्नीनं खूण करा, म म्हणजे मऊ, क म्हणजे कडक, थंड झाल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. कडकपणाची परीक्षा मात्र त्याच दिवशी घेऊ नका, अँटिमनीचं मिश्रण पुढच्या काही दिवसांत अजून कडक होतं. आठवड्यानं पातळ कांब वाकवून बघा, मऊ शिसं निमूट वाकतं, कडक असेल तर जोर लागतो आणि अती झालं असेल तर तडा जातो. तसं झालं तर शुद्ध शिसं घालून परत वितळवा.

हरिपूरला संगमावर खडकात वजन अडकून राहतं तिथं मी आता शिसं वापरतच नाही, लोखंडी नट कच्च्या दोऱ्यानं बांधतो, तुटला तर तुटला. पाण्यात राहिलेलं बारीक शिसं पाणपक्षी खडा समजून गिळतात आणि मरतात, म्हणूनच ब्रिटनमध्ये १९८७ पासून छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आहे.

आणि घरच्यांचं. ही कढई, पळी, झारा परत स्वयंपाकघरात कधीच नाही, लाल रंग मारून ठेवा. उरलेली सोल्डरची तार कल्हईवाल्याला देऊ नका, त्यात शिसं असतं आणि ते ताटात उतरतं. लहान पोरं आणि गरोदर बाई जवळपास नको. जागा झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, कपडे वेगळे धुवायचे, साबणानं हात धुतल्याशिवाय चहा नाही की तंबाखू नाही. वारंवार ओतत असाल तर वर्षातून एकदा रक्तातल्या शिशाची तपासणी करा. काळी भुकटी झाकणाच्या डब्यात साठवा आणि परवानगी असलेल्या शिसं रिसायकलवाल्याला द्या, शेताच्या बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका.