ईव्हार झाल्यावर ग्राफ्ट ब्लॉक होऊ नये म्हणून काय विचारायचं, काय बघायचं

पोटातल्या एओर्टाला, म्हणजे शरीराच्या मुख्य धमनीला, फुगा आलाय आणि पोट न उघडता जांघेतून स्टेंट ग्राफ्ट (जाळीचा आधार असलेली कापडी नळी) टाकायचाय, म्हणजेच ईव्हार, तर घरचे सगळे "लीक तर होणार नाही ना" एवढंच विचारतात. विचाराच, पण ग्राफ्ट ब्लॉक झाला तर ते पोटात नाही, पायात कळतं, आणि तिकडे कुणाचं लक्षच नसतं.

ग्राफ्ट असतो पँटसारखा, वर एक नळी, खाली दोन पाय, ते दोन्हीकडच्या इलियाक धमन्यांमध्ये, म्हणजे एओर्टापासून पायांकडे जाणाऱ्या धमन्यांमध्ये, जातात. बंद पडतो तो बहुतेक वेळा यातला एक पाय.

ऑपरेशनआधी सीटी अँजिओ (धमन्यांचा सीटी स्कॅन) समोर ठेवून सर्जनना विचारा की इलियाक किती वाकडीतिकडी आहे, आत कॅल्शियम किती, आणि मुख्य म्हणजे ग्राफ्टचा पाय एक्स्टर्नल इलियाकपर्यंत, म्हणजे इलियाकच्या जांघेकडच्या फाट्यापर्यंत, न्यावा लागणार का. ती धमनी बारीक आणि वळणाची, तिथे नेला की रिस्क वाढतेच. एओर्टा जिथे दुभागते तिथेच अरुंद असेल तर ग्राफ्टचे दोन्ही पाय एकमेकांना दाबतात. साइज धमनीपेक्षा थोडी मोठी लागतेच पकडीसाठी, पण फारच मोठी घेतली तर आत कापडाला चुण्या पडतात आणि तिथे गुठळी धरते.

अजून एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. ऑपरेशनच्या वेळी आत कडक वायर असते, तिच्यामुळे वाकडी धमनी सरळ होते, वायर काढली की परत वाकते आणि ग्राफ्ट मुडपू शकतो. म्हणून शेवटचं अँजिओ (टेबलावरच डाय सोडून काढलेला धमनीचा एक्स-रे) कडक वायर काढल्यावर करणार ना, हे विचाराच. मुडपलेला दिसला तर तिथल्या तिथे आत जास्तीचा स्टेंट टाकता येतो.

घरी आल्यावर पहिले काही महिने जास्त जपायचे. चालताना एकाच बाजूची पोटरी, मांडी किंवा कुल्ला नव्याने भरून यायला लागला, थांबलं की बरं वाटतं, तर वयामुळे असेल म्हणून सोडू नका, डॉप्लर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) करून घ्या. आणि पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला, खूप दुखतोय, तर तेल चोळत, शेक देत बसायचं नाही, व्हॅस्क्युलर सर्जन असलेल्या हॉस्पिटलला तडक निघायचं, कारण हातात फार तर काही तास असतात. बिडी-सिगारेट बंद. रक्त पातळ करायची गोळी दात काढायचा म्हणून स्वतःच बंद करू नका, आधी सर्जनना फोन करा. ग्राफ्टचं कार्ड आणि सीटीची सीडी फाइलमध्येच ठेवा, इमर्जन्सीला तेच आधी मागतात.