तार घेतली का? सात-आठ इंची संगणक आणि सुटा कीबोर्ड घेऊन निघताना

सात-आठ इंची विंडोज संगणक आणि सुटा कीबोर्ड एवढ्या सामानावर प्रवासात लिहिता येतं, आणि चांगलं लिहिता येतं. आरओजी अ‍ॅलाय, लीजन गो ही गेमिंगसाठी विकली जाणारी यंत्रंसुद्धा या कामाला उत्तम चालतात, फक्त त्यांना अक्षरांच्या कळा नसतात. म्हणून कीबोर्डची तयारी आदल्या रात्रीवर ढकलू नका. काही कमी निघालं तर दुकान उघडं असेल अशा वेळी बॅग भरा.

चार्जर, मोबाइल, चष्मा हे सांगायला नको.

कीबोर्डची तार घ्या. ब्लूटूथ कीबोर्ड कितीही महाग असला तरी तो बहुधा विंडोज सुरू झाल्यावरच जागा होतो. त्याआधीच्या पडद्यांवर, म्हणजे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) किंवा बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, रिकव्हरी की मागतो त्या निळ्या पडद्यावर, त्याचा काडीचा उपयोग नाही. फर्मवेअर (यंत्राचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर हा निळा पडदा अचानक समोर येऊ शकतो आणि ४८ आकडे मागतो. काही यंत्रांवर तिथे बोटाने दाबायच्या कळा उमटतात, पण त्या भरवशावर घराबाहेर पडू नका. मागच्या खेपेला माझी तार घरी राहिली. रिकव्हरी की मोबाइलवर डोळ्यांसमोर होती आणि ती टाकायला एकही कळ नव्हती. सगळं काम वहीत उतरवावं लागलं.

आता नीट ऐका, कारण नुसती तार घेऊनही भागत नाही. घडीच्या कित्येक कीबोर्डांची यूएसबी फक्त चार्जिंगपुरती असते. तार जोडा, दिवा लागतो, अक्षर मात्र एकही जात नाही. शिवाय तारही डेटा नेणारी लागते, नुसत्या चार्जिंगची नाही, आणि वरून पाहून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून घरीच परीक्षा घ्या. संगणकाचं ब्लूटूथ बंद करा, कीबोर्ड तारेने जोडा, नोटपॅडमध्ये नाव टाइप करा. मग संगणक पुन्हा सुरू करून बायोसमध्ये जा आणि बाणाच्या कळा चालतात का ते बघा. चालल्या तर ती तार त्याच कीबोर्डला रबरबँडने बांधून ठेवा. नाही चालल्या तर एक साधा, स्वस्त, तारेचा छोटा कीबोर्ड वेगळा घ्या. यूएसबी रिसीव्हरवाला बिनतारी कीबोर्डही बहुधा चालतो. पण रिसीव्हर मोठ्या यूएसबीचा असतो आणि संगणकाला असतो सी-पोर्ट, तेव्हा जोडणीचा कन्व्हर्टर लागतो. तोही आत्ताच बॅगेत टाका. रिकव्हरी की कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

त्यातच पोर्टचा प्रश्न येतो. बऱ्याच छोट्या यंत्रांना सी-पोर्ट एकच असतो. त्यात कीबोर्डची तार घातली की चार्जिंग थांबतं. त्यामुळे एका पोर्टचे अनेक करणारा आणि चार्जिंग आत येऊ देणारा छोटा हब हवा. पॉवर बँकही तपासा: मोबाइलची साधी पॉवर बँक या संगणकांना पुरत नाही, पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेली, ४५ किंवा ६५ वॉट देणारी लागते. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास. विमानात परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंतच नेता येते, तीही हातातल्या बॅगेत. चेक-इनच्या बॅगेत ठेवू नका.

मराठी लिहिणाऱ्यांनी कीबोर्ड विकत घेण्याआधी उजवी कड बघावी. इन्स्क्रिप्ट या देवनागरीच्या कळरचनेत च अर्धविरामाच्या कळीवर आहे, ट त्याच्या शेजारच्या अवतरणचिन्हाच्या कळीवर, ड उघडत्या चौकोनी कंसावर आणि ॉ उलट्या तिरक्या रेघेवर. छोटे कीबोर्ड जागा वाचवायला नेमक्या याच कळा बारीक करतात, वर-खाली हलवतात किंवा एफएन दाबल्याशिवाय देत नाहीत. इंग्रजी लिहिणाऱ्याला ते जाणवतही नाही, आपल्याला मात्र दर ओळीत अडखळावं लागतं. दुकानात ‘डॉक्टर’ हा एक शब्द टाइप करून बघा. त्यात या कडेच्या तीन कळा लागतात. बोट तिथे आपसूक गेलं नाही तर तो कीबोर्ड तुमचा नाही, दिसायला कितीही देखणा असो. रोमनमधून लिहीत असाल तर ही अडचण नाही. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक आत आलेलंच आहे. ते निघण्याआधी जोडून ठेवा, रस्त्यात नेट असेलच असं नाही. कोकण रेल्वेवर एकटा करबुड्याचा बोगदाच ६.५ किलोमीटरचा आहे. तेवढ्यासाठी लेखन आधी यंत्रात जतन होईल असं ठेवा, क्लाउडवर नंतर चढवता येतं.

अक्षरांचा आकार घरीच वाढवून ठेवा. आठ इंची पडद्यावर १०० टक्क्यांना अनुस्वार आणि रफार दिसत नाहीत, आणि चुका तशाच पुढे जातात. मी १७५ च्या खाली जात नाही.

घडीचा कीबोर्ड मांडीवर बिजागरीत दुमडतो. खाली कडक पाठीची वही हवी. चेअर कारच्या ट्रेवर पडदा आणि कीबोर्ड दोन्ही मावतात का ते घरी मोजून घ्या, ट्रे फार उथळ असतो. पडदा उभा धरायला मोबाइलचा मजबूत स्टँड चालतो.

बॅगेत ठेवताना कीबोर्डचं बटण बंद करा. नाहीतर आत कळा दाबल्या जाऊन संगणक जागा होतो, तापतो आणि पोहोचेपर्यंत बॅटरी संपलेली असते. संगणकही झोपवून (स्लीपमध्ये) ठेवू नका, हायबरनेट करा, म्हणजे काम जतन होऊन तो पूर्ण बंद होतो. विंडोजच्या पॉवर मेनूत तो पर्याय बहुधा लपलेला असतो, आधी सुरू करून घ्या.

प्रवासाला निघायच्या आठवडाभर आधी अपडेट करून टाका आणि नंतर ते थांबवून ठेवा. निळा पडदा यायचाच तर घरी येऊ दे, तार हाताशी असताना.

हब, वही, स्टँड, इअरफोन, पुसायचं फडकं. मुक्कामी टीव्हीला जोडायचं असेल तर एचडीएमआयची केबल, नसेल तर ओझं नको. रात्री डब्यात लोक झोपलेले असताना खटखटणाऱ्या कळांचा कीबोर्ड काढू नका. आणि बॅगेची चेन लावण्याआधी आत हात घालून तार चाचपून बघा.