तलावावर पॅडलबोर्ड घेऊन येताय? या चुका टाळा

नोव्हेंबर लागला, धान कापणीला आलं, की आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गाड्या यायला लागतात. डिकीतून गुंडाळलेले पॅडलबोर्ड, म्हणजे वर उभं राहून वल्हवायच्या फुगवायच्या फळ्या, निघतात, पंप निघतो, थोड्या वेळात बोर्ड टणक होतो आणि माणूस पाण्यात. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूचा हा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पूर्वीच्या मालगुजारांचा, म्हणजे जमीनदारांचा. पाच हिवाळे झाले, मी इथे लोकांना बोर्डावर उभं राहायला शिकवतो. घर मात्र ढिवराचं, मासेमारी करणारं. काका आणि चुलतभाऊ आजही याच पाण्यावर डोंगा, म्हणजे लहान होडी, घेऊन जातात. दिवसा बोर्डवाल्याने घोळ घातला की संध्याकाळी त्याचा जाब मला घरी चुलीपाशी द्यावा लागतो. दरवर्षी त्याच चुका पाहून जीव विटला, म्हणून हे लिहितोय.

मी शिकलो चेन्नईजवळच्या कोवलमला, समुद्रावर. तिथे बोर्डावर पोटावर झोपून लाटेची वाट पाहणारे सर्फर आणि वल्हं घेऊन उभे असलेले पॅडलवाले यांच्यात धुसफूस चालते, आणि तिला कारण आहे. उभ्या माणसाला येणारी लाट आधी दिसते. त्याचा बोर्ड मोठा, हातात वल्हं, त्यामुळे लाट फुटायच्या कितीतरी आधी, लांबूनच तो ती धरतो. सर्फर बिचारा लाट फुटते त्या जागेजवळ थांबलेला असतो. लाट त्याच्यापर्यंत येते तेव्हा तिच्यावर आधीच कोणीतरी उभं असतं. फुटणाऱ्या टोकाच्या सगळ्यात जवळ जो, लाट त्याची, दुसऱ्याने मध्ये घुसायचं नाही, हा सर्फिंगचा जुना नियम. पण नियम पाळूनसुद्धा पॅडलवाला दिवसभराच्या सगळ्या चांगल्या लाटा नेऊ शकतो. माझ्या शिक्षकाने म्हणूनच मला सवय लावली होती: दोन लाटा सोडायच्या, मग एक घ्यायची.

आमच्या तलावात लाटा नाहीत, म्हणून येणाऱ्याला वाटतं की नियमही नाहीत. पण दुखणं तेच आहे. उभ्या माणसाला लांबचं दिसतं, तो झपाझप पुढे जातो, आणि डोंग्यात वाकून बसलेल्या माणसाची सकाळ त्याच्या बोर्डाखाली जाते. फरक एवढाच की इथे समोरच्याची लाट जात नाही, दिवसाची कमाई जाते.

पाण्यावरची बाटली म्हणजे कचरा, असं समजणं

दोन वर्षांपूर्वी नागपूरहून सहा जणांचा गट आला होता. त्यात एक पोरगा फार मनाचा चांगला. स्वच्छतेची आवड, कमरेला छोटा चाकू, बोलणं गोड. तिघा-चौघांना मी गुडघ्यांवर वल्हवायला शिकवत होतो, तोवर हा एकटा पुढे निघून गेला. पाऊण तासाने परत आला तेव्हा त्याच्या बोर्डाच्या पुढच्या लवचीक दोऱ्यांखाली चौदा बाटल्या अडकवलेल्या होत्या. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, झाकण घट्ट लावलेल्या. "पाहा ना सर, किती प्लास्टिक आहे तलावात!"

मी एक बाटली हातात घेतली. तिच्या मानेला हिरव्या नायलॉनच्या दोरीची गाठ होती, आणि गाठीखाली दोरी चाकूने सरळ कापलेली. पोटात गोळाच आला. प्रत्येक बाटलीला तीच हिरवी दोरी.

फासजाळं पाण्यात पडद्यासारखं उभं असतं. खालच्या दोरीला वजनं, वरच्या दोरीला तरंगणारं काहीतरी. कोणी थर्माकोलचे तुकडे बांधतं, कोणी बाटल्या. बाटल्या काढल्या की पडदा कोसळतो, सगळं जाळं तळाला जाऊन बसतं, आणि ते कुठे बसलं हे सांगायला वर काहीच उरत नाही.

जाळं वस्तीतल्या एका म्हाताऱ्या मामांचं होतं. ते डोंगा घेऊन आले, बाटल्यांचा ढीग पाहिला, आणि हळू आवाजात विचारलं, "माह्या जाळ्याच्या बाटल्या कोनी काढल्या जी?"

पोरगा लगेच हात जोडून पुढे झाला. "मला कचरा वाटला, काका."

"कचरा कसा होईन बापू? गाठ मारेल हाय ना त्याले."

एवढंच बोलले. मला ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं. दोन दिवस आम्ही दोरीला लोखंडी काटा बांधून तळ ओढत होतो. तिसऱ्या दिवशी जाळं लागलं, पण बेशरमाच्या झुडपाच्या बुडालेल्या फांद्यांमध्ये गुंतलेलं. वर काढलं तर आतली रोहू आणि कटला फुगून पांढरी झालेली, हात लावला की खवले निसटायचे. मासळी पाळीच्या मागे खड्डा करून पुरली. त्या गटाने जाळ्याचे पैसे दिले, कुरकूर न करता दिले, हे इथे सांगायलाच हवं. पण नवं जाळं बांधून पाण्यात जाईपर्यंत मामांचे पंधरा दिवस गेले, आणि त्या पंधरा दिवसांत माझ्या घरी कोणी माझ्याशी धड बोललं नाही.

तेव्हापासून कोणालाही बोर्ड देण्याआधी मी त्याला पाच मिनिटं पाळीवर उभं करतो आणि विचारतो, "जाळी किती दिसतात?" बाटल्या किंवा थर्माकोल एका रांगेत, सारख्या अंतरावर दिसले की ते जाळं. वाऱ्याने आलेला कचरा काठाला गोळा होतो, तलावाच्या मधोमध रांग धरत नाही. जाळ्याचं टोक बहुतेक वेळा बांबूला बांधलेलं असतं, त्या टोकाला वळसा घालून जायचं. वरून जायचं नाही, "फक्त एकदा" सुद्धा नाही. आणि तलाव स्वच्छ करायचाच असेल तर काठ आहे, पाळीवरच्या गुटख्याच्या पुड्या आहेत, त्याला कोणाची ना नाही.

बोर्डाखाली मागे फिन असते, म्हणजे बोर्ड सरळ ठेवणारा माशाच्या परासारखा तुकडा, साधारण नऊ इंचाचा. ती जाळ्याच्या वरच्या दोरीत अडकते, बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि उभा माणूस तोंडावर पुढे पडतो. सरळ जाळ्यात. मी माझ्या सगळ्या बोर्डांना चार-पाच इंचाची वाकणारी फिन लावली आहे. बोर्ड थोडा डुलतो, सरळ जायला जास्त मेहनत लागते, लागू दे. अडकलातच तर खाली बसा, पाय झाडू नका, ज्या बाजूने आलात त्याच बाजूने उलटं वल्हवा आणि हाताने सोडवा. चाकू फक्त एकाच वेळी काढायचा: माणूस जाळ्यात गुंतला असेल तेव्हा. तेव्हा मात्र जाळ्याचा विचार करू नका, कापा, आणि बाहेर आल्यावर मालकाच्या घरी जा.

पहाटे सहाला पाण्यात उतरणं

सगळ्यांना कोवळं ऊन हवं असतं. पाण्यावर धुकं, मागे सूर्य, मधोमध आपण. फोटो सुंदर येतो हे मलाही कळतं. पण जाळं संध्याकाळी टाकतात आणि पहाटे त्यातली मासळी काढतात. काढलेली मासळी बर्फाशिवाय टोपलीत असते आणि ती बाजारात ताजी पोचली तरच तिला भाव. त्या दोन-अडीच तासांत डोंगा या जाळ्यावरून त्या जाळ्यावर फिरत असतो. डोंग्यातला माणूस एका हाताने दोरी ओढतो, दुसऱ्याने मासळी सोडवतो. अशा वेळी बोर्डामुळे उठलेली छोटी लाटसुद्धा त्याला नको असते.

माझ्याकडे साडेआठच्या आधी बोर्ड पाण्यात जात नाही. हिवाळ्यात दहा-अकरापर्यंत वारा उठत नाही, तेवढा वेळ शिकणाऱ्याला भरपूर होतो. यावरून लोक माझ्याशी भांडले आहेत, पैसे परत घेऊन गेले आहेत. गेले तर गेले. आणि फेब्रुवारीनंतर मी शिकवणं बंद करतो. पाणी उतरायला लागतं, मासेमारी जोरात येते, तेव्हा तलाव पूर्णपणे त्यांचा.

घाटासमोरून उभ्याने जाणं

तलावाच्या एका अंगाला बाया धुणं धुतात, अंघोळ करतात. पाळीच्या बाजूने त्यांना झाडांचा आडोसा आहे, पाण्याच्या बाजूने कधी लागलाच नव्हता. तिकडून कोण येणार? डोंगेवाला येतो, पण तो गावचा, मान फिरवून लांबून जातो. आता तिकडून माणूस उभा येतो, छातीला कॅमेरा लावलेला. पहिल्या वर्षी माझी चुलत वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, आमी का दुपारी अंघोळीले येऊ, तुमच्या लोकायसाठी?" मला उत्तर देता आलं नाही.

मी त्या अंगाला आता दोन बांबू रोवले आहेत. त्यांच्या पलीकडे बोर्ड जात नाही, आणि कॅमेरा लावायचाच असेल तर आधी मला दाखवायचा. एखाद्याला हे फार वाटत असेल तर त्याने दुसरीकडे जावं.

उभं राहायची घाई

ही चूक दिसायला साधी, पण बाकीच्या अर्ध्या चुका हिच्याच पोटातून येतात. माणूस बोर्डावर चढतो, दोन मिनिटांत उभा राहतो, फोटो निघतो, टाळ्या होतात. वळता येत नाही, थांबता येत नाही. मग समोर डोंगा आला की ओरडतो, "काका, बाजूला व्हा!" मासळीने भरलेला डोंगा हलवायला किती जोर लागतो हे त्याला ठाऊक नसतं.

माझ्याकडे पहिला अर्धा तास गुडघ्यांवर. गुडघ्यांवर बसून बोर्ड जागच्या जागी पूर्ण गोल फिरवता आला, आणि चालता बोर्ड दोन लांबींच्या आत थांबवता आला, मगच उभं राहायचं. कोणाला हे दहा मिनिटांत जमतं, कोणाला दुसऱ्या दिवशी. पटापट उभं करून देणारे लोकही आहेत. त्यांच्याकडे शिकून आलेल्या माणसाला मी पुन्हा गुडघ्यांवर बसवतो, त्याला राग येतो, तरी बसवतो. वारा उठला तरी हीच सवय वाचवते: उभं शरीर शिडासारखं वारा धरतं आणि तुम्हाला दुसऱ्या काठाला नेतं. गुडघ्यांवर आलात की बोर्ड ताब्यात राहतो.

आणि डोंगा दिसला की तुम्हीच थांबायचं, तुम्हीच वळायचं. प्रत्येक वेळी.

बाकीच्या चुका, थोडक्यात

वल्ह्याचं पातं उलटं धरणं: पात्याचा बाक पुढच्या बाजूला झुकलेला हवा. निम्मे लोक उलटं धरतात.

लाइफ जॅकेट बोर्डाला बांधून ठेवणं: अंगात घाला. पोहता येतं हे मला सांगू नका.

लीश, म्हणजे माणसाला बोर्डाशी जोडणारी दोरी, घोट्याला बांधणं: मोकळ्या पाण्यात चालेल. जिथे जाळी आहेत, बुडालेली खोडं आहेत, तिथे कमरेला, एका झटक्यात सुटणारा पट्टा हवा. घोट्यापर्यंत हात पोचत नाही तेव्हा पाय मोकळा करता येत नाही.

शिंगाड्यातून बोर्ड घालणं: वेलाचं शेत आहे ते, कोणीतरी लावलेलं. वेल तुटतात, आणि पडलात तर शिंगाड्याचे काटे पायात जातात.

तुडुमाजवळ, म्हणजे शेतांना पाणी सोडायच्या दाराजवळ, रेंगाळणं: धानाला पाणी सोडलेलं असेल तर तुडूम आत ओढतो. वरून पाणी शांत दिसतं. पाळीवर कोणाला तरी विचारा, पाणी चालू आहे का.

फुगवलेला बोर्ड उन्हात टाकून जेवायला जाणं: आतली हवा तापून फुगते, शिवण उसवते. सावलीत ठेवा, थोडी हवा सोडा.

स्पीकर: आणू नका.

चिठ्ठी आणली म्हणजे परवानगी झाली, असं मानणं

"सरकारी तलाव आहे, सगळ्यांचा आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! मालगुजारी १९५१ मध्ये गेली आणि तलाव सरकारकडे आले, हे खरं. कुठे आता जिल्हा परिषद पाहते, कुठे पाटबंधारे. पण तलावाच्या पाण्यावर गावाचे निस्ताराचे, म्हणजे रोजच्या वापराचे, हक्क आहेत, शेतकऱ्यांचं सिंचन आहे, आणि मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्था ठेक्याचे पैसे भरते, पावसाळ्यात स्वतःच्या खर्चाने मत्स्यबीज सोडते. तुम्ही ज्या पाण्यावर फिरता त्याच्या खाली त्यांनी पैसे पेरलेले असतात.

म्हणून ओळखीच्या साहेबांची चिठ्ठी दाखवून गावाला गप्प करता येतं, पण तलाव मिळत नाही. मी काय करतो ते सांगतो. हंगामाआधी संस्थेच्या बैठकीला जातो, मागे बसतो, कोणत्या महिन्यात कोणत्या अंगाला जाळी राहणार ते ऐकतो आणि वहीत तलावाचं चित्र काढून त्यावर खुणा करतो. एका बोर्डामागे ठरलेली रक्कम संस्थेकडे जमा करतो आणि पावती घेतो. बाहेरून स्वतःचा बोर्ड घेऊन येणाऱ्याने निदान संस्थेच्या एका माणसाला भेटून एवढं विचारावं: "आज कोणत्या अंगाला जाऊ?" चहा पाजतील, आणि बरोबर जागा दाखवतील.

पावसाळ्यात बोर्ड माळ्यावर असतात आणि संस्थेला हात कमी पडतात. मत्स्यबीज प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांमधून येतं. पिशवी लगेच फोडायची नसते. आधी ती तशीच पाण्यावर तरंगत ठेवायची, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत, मग तोंड सोडायचं. गेल्या पावसाळ्यात तो बाटल्यांवाला पोरगा नागपूरहून बसने आला होता. कमरेएवढ्या पाण्यात मामांच्या शेजारी उभा राहून पिशव्या धरत होता, आणि मामा एकेक गाठ सोडत होते.