कोलायटिस शांत झाल्यावर तंतुमय आहार पुन्हा कसा सुरू करावा

आधी एक अट. हे अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण येण्याचा आजार) शांत असणाऱ्यांसाठी आहे. शौचातून रक्त जात असेल, किंवा क्रोन्समुळे (आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) आतडं अरुंद झालं असेल, तर यातलं काहीही स्वतःहून करू नका. अरुंद जागी तंतूंचा गोळा अडकू शकतो.

कांदा-लसणातलं इन्युलिन (एक विरघळणारा तंतू), कडधान्यांतल्या रॅफिनोजसारख्या शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात, त्यातून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल मिळतं आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. पण ब्युटिरेट बनवणारे जिवाणू या आजारात बरेचदा घटलेले असतात. म्हणून इन्युलिनची पावडर आणून सुरुवात करणं चूक. लंडनमध्ये सक्रिय क्रोन्सच्या १०३ रुग्णांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज १५ ग्रॅम फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड (इन्युलिनच्याच जातीचा तंतू) देऊनही फायदा दिसला नाही.

सुरुवात इसबगोलाने करा. तो चिकट जेल बनवतो, हळू आंबतो, त्यामुळे गॅस कमी होतो. पहिला आठवडा दिवसातून एकदा अर्धा लहान चमचा भुसा, मोठा ग्लासभर (२५० मिली) पाण्यात. ढवळताच प्या, ठेवलं की घट्ट होतं. वर आणखी पाणी प्या. कोरडा भुसा कधीच गिळू नका, घशात फुगतो. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. त्रास नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा वाढवा. पोट फुगलं तर आधीच्या मात्रेवर परत या.

स्पेनमधल्या १९९९ च्या चाचणीत इसबगोलाच्या बिया (१० ग्रॅम, दिवसातून दोनदा) वर्षभर देऊन मेसालामाइन या कोलायटिसच्या नेहमीच्या औषधाशी तुलना केली, आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. चाचणी लहान होती. तिच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका.

इसबगोल सोसला की भात. शिजवून लगेच पसरट भांड्यात गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी एकदाच वाफाळेपर्यंत गरम करून खा. गार होताना काही स्टार्च न पचणारा बनतो, गरम केल्यावरही बराच टिकतो. रात्रभर बाहेर ठेवलेला भात मात्र नको, त्यात जिवाणूंचं विष तयार होतं.

उसळी शेवटी. मूग किंवा मटकी रात्रभर भिजवा, पाणी टाकून द्या, मऊ शिजवा; पहिल्यांदा दोन चमचेच. लसणाची चव हवी असेल तर अख्खी पाकळी तेलात परतून काढून टाका: इन्युलिन तेलात विरघळत नाही, चव उतरते. रश्श्यात मात्र ते पाण्यात उतरतं, पाकळी काढून उपयोग नाही.